आईच्या नावावरची जागा

९ जानेवारी

धाकट्या,

आशीर्वाद शेवटी लिहीन, उरले तर.

पत्र रजिस्टरने पाठवते आहे. फोन तू उचलत नाहीस. मेसेजखाली दोन निळ्या खुणा उमटतात आणि पुढे सामसूम. रजिस्टर पत्र घ्यायला पोस्टमनसमोर सही करावी लागते आणि पोचपावती माझ्याकडे परत येते. त्या निमित्ताने तुझी सही तरी बघायला मिळेल. विषयही सहीचाच आहे.

आई बरी आहे. जेवते, झोपते, वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई पाणी सांडतात म्हणून त्यांच्याशी भांडते. तुझी आठवण काढते. मी काढत नाही, ते काम तिच्याकडेच आहे.

काल तिला घेऊन हॉस्पिटलात गेले होते. तिच्या डोळ्यांत दर महिन्याला इंजेक्शन द्यावं लागतं हे तुला सांगितलं होतं, विसरला असशील तर पुन्हा सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली रक्त झिरपतं. सुई दिली की थांबतं, महिन्याभराने परत सुरू होतं. दोन्ही डोळ्यांना. सुई चुकली तर जेवढी नजर जाते तेवढी कायमची जाते, मागून कितीही सुया दिल्या तरी परत येत नाही. सवलतीच्या कार्डावर ती सुई फुकट आहे. कार्ड नसेल तर एका सुईला माझा महिन्याचा पगार आणि वर थोडी उसनवारी.

खिडकीवरच्या मुलीने कार्ड मशीनला लावलं, काढलं, पुसून परत लावलं. मग म्हणाली, "मावशी, कार्ड बंद झालंय. घरातल्या कोणाचं उत्पन्न आयकराच्या मर्यादेवर गेलेलं तपासणीत सापडलं की आपोआप बंद होतं."

मी हसले. खरंच हसले रे. म्हटलं, बाई गं, आमच्या घरात माणसं दोन. एक मी, लॉन्ड्रीत चादरी प्रेस करते. दुसरी ही, बाबांच्या अर्ध्या पेन्शनवर बसलेली. आमच्यातलं कोण वर जाणार? तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. नाव माझं नव्हतं. आईचं होतं. पेन्शन, आणि त्याखाली मुदत ठेवीचं व्याज. दोन्ही मिळून मर्यादेच्या वर. किती वर, ते विचार. एक जोडी चांगली चप्पल येईल एवढं वर.

मी म्हटलं, काहीतरी घोटाळा आहे, कुठली ठेव? तर आईच मागून बोलली. रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "अगं, ती माझ्या मुलाने ठेवलीय ना माझ्या नावावर!" तिचं तोंड असं फुललं होतं की मला तिला तिथे गप्प बस म्हणवेना.

मग मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी तू अर्धा दिवस आला होतास. तिच्या कॉटवर बसलास, तिच्या मांडीवर फाइल ठेवलीस आणि म्हणालास, "आई, इथे, इथे आणि इथे. तुझ्यासाठीच करतोय." ती बिचारी महिनाभर दूधवाल्यापासून जिन्यावरच्या झाडूवालीपर्यंत सगळ्यांना सांगत होती. मी विचारलं होतं तुला, कसली ठेव रे? तू म्हणालास, "ताई, तुला नाही कळायचं, टॅक्सचं आहे."

आता कळलं. तुझं उत्पन्न इतकं वर गेलंय की व्याजावर मोठा टॅक्स बसला असता. आईचं उत्पन्न एवढंसं, मर्यादेखाली भरपूर रिकामी जागा. तिथे तू तुझे पैसे नेऊन ठेवलेस. व्याजाचा पहिला पैसा तिच्या हातात आला नाही. आला तो नियम.

आता काय करायचं ते लिहिते. कार्डाच्या ऑफिसात चौकशी केली. ज्याच्या नावावर पैसे, त्याचेच ते धरतात. खऱ्या मालकाने लेखी लिहून दिलं की पैसे माझे आहेत, आईचं फक्त नाव वापरलं, तर कार्ड पुन्हा चालू होतं. एक पानाचं काम आहे. तेवढं लिहून पाठव.

ताई


२६ जानेवारी

धाकट्या,

पोचपावती मिळाली. सही वहिनीची आहे. ठीक आहे, कोणीतरी घरात होतं.

तुझा मेसेजही मिळाला. "बघतो. सल्लागाराशी बोलतो. उगाच घाबरू नकोस. सध्याच्या इंजेक्शनचे पैसे टाकलेत." पैसे मिळाले. सुई दिली. एकच दिली, कारण पैसे एकाच सुईचे होते. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की दोन्ही डोळ्यांना लागते. तू घाईत वाचलं असशील.

उगाच घाबरू नकोस म्हणतोस. तुझ्या नव्या फ्लॅटच्या जेवणाला तू काय म्हणाला होतास ते आठव. तुझ्या ऑफिसची माणसं बसली होती. कोणीतरी मला विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं. लॉन्ड्रीत मला मुख्य करणार होते आणि मी नाही म्हटलं, हेही सांगून बसले, कारण मला वाटलं गमतीची गोष्ट आहे. आणि तू ताट हातात धरून सगळ्यांसमोर म्हणालास, "आमच्या ताईला ना, गरीब राहायची सवय झालीये. वर यायलाच नको तिला." सगळे हसले. मी ताट ठेवलं, आईला उठवलं आणि बस पकडली. त्यानंतर तू फोन केला नाहीस. मीही नाही केला. तुला वाटलं असेल मी जेवणावरून रुसले.

आज सांगते मी नाही का म्हटलं. मुख्य झाले असते तर पगार मर्यादेच्या वर गेला असता. फार नाही, जेमतेम. त्या वरच्या पैशांतून टॅक्स कापला असता, आणि कार्ड गेलं असतं ते वेगळंच. म्हणजे हातात वाढणार चार दाणे, आणि जाणार ते आईचे डोळे. हा हिशेब करायला कुठल्या सल्लागाराची गरज लागत नाही. ती मर्यादा किती वर्षं जागची हललेली नाही माहीत आहे? भाडं हललं, दूध हललं, बसचं तिकीट हललं, आमचा पगारसुद्धा थोडा हलला. एकटी ती मर्यादा खांबासारखी उभी. आम्ही वर गेलो नाही रे, पाणी वर आलं.

आमच्या लॉन्ड्रीत यावर एक पद्धत आहे. तुला ऐकून हसू येईल, पण ऐक. हिशेबाचं वर्ष संपत आलं की बायका एकमेकींना विचारतात, "तुझ्यात जागा आहे का गं?" म्हणजे तुझी कमाई अजून मर्यादेच्या किती खाली आहे? जिच्यात जागा असते तिच्या हजेरीवर दुसरी काम करते. पगार तिच्या नावावर येतो, आणि ती तो हात धुवायच्या मोरीपाशी आणून जिचा तिला देते. कायद्यात बसत नाही, मला माहीत आहे, तू डोळे वटारू नकोस. आमच्यातली जाडी आहे ना, कडक तोंडाची, ती गेल्या वर्षी तीन महिने आजारी होती, त्यामुळे तिच्यात खूप जागा. तिने ती माझ्यासकट चौघींना वाटली. एका पैशाचा फरक पडला नाही.

पण या पद्धतीत एक गोष्ट पक्की आहे. विचारल्याशिवाय कोणी कोणाच्या जागेला हात लावत नाही. कारण तिच्या जागेत तिचं काय काय उभं आहे, ते तिलाच माहीत असतं. कोणाचं पोरगं, कोणाचं औषध. एका नवीन पोरीने न विचारता चष्मेवालीच्या हजेरीवर दोन पाळ्या केल्या होत्या, तर चष्मेवालीने तिची चादर धरणं बंद केलं. चादर घडी घालायला दोन टोकांना दोघी लागतात. दुसरं टोक धरायला कोणी आलं नाही, आठवड्याभरात पोर काम सोडून गेली.

तू तर विचारलंही नाहीस. मी इथे नाही नाही म्हणून एक एक पाळी सोडत होते, आईचं कार्ड टिकावं म्हणून. आणि तू केव्हाच आईची जागा भरून मोकळा झाला होतास.

पत्र कधी लिहून देतोस?

ताई


१७ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझ्या सल्लागाराचं पत्र आलं. छापील, वर शिक्का. माझ्या आयुष्यात मला पहिल्यांदाच कोणी "माननीय महोदया" म्हटलं. आईला वाचून दाखवलं तर तिला वाटलं तुला काही बक्षीस मिळालंय.

पत्रातलं मला जेवढं समजलं ते असं. तू लिहून दिलंस की पैसे तुझे, तर मागच्या दोन वर्षांचा टॅक्स दंडासकट भरावा लागेल, आणि तुझ्या कंपनीत बढतीच्या वेळी हे प्रकरण निघेल. म्हणून "परिस्थिती समजूतदारपणे हाताळावी". खाली तू पेनाने एक ओळ लिहिली आहेस. "ताई, सहा महिने सांभाळून घे, प्लीज. ठेवीची मुदत संपली की काढून घेतो."

सहा महिने. ठीक. आता मी जे लिहिणार नव्हते ते लिहिते. आईने शपथ घातली होती की त्याला कळवू नकोस. शपथ मोडली, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

तू एका सुईचे पैसे पाठवलेस तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कुठल्या डोळ्यात देऊ?" असं साधं विचारलं त्यांनी, चहात साखर किती विचारावी तसं. मी आईकडे बघितलं. ती म्हणाली, "उजव्या. सुईत दोरा उजव्याने बघून ओवते मी." ती बावीस वर्षं आमच्याच लॉन्ड्रीत फाटक्या चादरी रफू करत होती, विसरला नाहीस ना? तुझ्या कॉलेजची फी त्या दोऱ्यातूनच आली. मग उजव्यात दिली. डावा तसाच राहिला.

डावा गेला. परवा तपासलं. उजेड आणि अंधार एवढाच कळतो, बाकी काही नाही, आणि आता ते परत येणार नाही. मला आधी कळायला हवं होतं. चहा कपाच्या बाहेर ओतत होती. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटत होती आणि मला सांगत होती, "दारच अरुंद केलंय मेल्यांनी." मी हसत होते तिच्याबरोबर.

मी घरी येऊन प्रेसच्या कपड्यांचा गठ्ठा जमिनीवर आपटला आणि रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुझ्यावर एवढा राग कधी आला नव्हता. लहानपणी तू माझी शाळेची पेटी विकलीस तेव्हाही नाही.

उजव्याची या महिन्याची सुई मी दिली. कशी दिली ते विचारू नकोस. जाडीने आणि इतर बायकांनी मोरीपाशी हात पुढे केले, एवढंच. पण त्या दर महिन्याला कुठून आणणार? त्यांच्याही घरी कोणीतरी आहे.

मी कार्डाच्या ऑफिसात तक्रार घातली आहे. सुनावणी ११ मार्चला आहे. तिथे तुझा कागद पोचला तर उजवा वाचेल. नाही पोचला तर नाही वाचणार. हे मी रागाने लिहीत नाही, डॉक्टरांनी जे सांगितलं तेच लिहिते.

दंड मी भरते रे. कसाही भरते, हप्त्याने भरते. तू फक्त लिहून दे.

ताई


५ मार्च

धाकट्या,

कागद आला नाही. पोचपावती आली, या वेळी सही तुझीच आहे. म्हणजे वाचलंस.

एक बातमी सांगते, तुला गंमत वाटेल. तू कागद देत नाहीस म्हणजे कार्ड गेल्यातच जमा, मग आता कशाला खाली दबून राहायचं, म्हणून मी सुपरवायझरकडे गेले. म्हटलं, साहेब, ती मुख्याची जागा देता का? आता मला चालेल. त्यांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "बाई, दोन वर्षं तुमच्या मागे लागलो होतो. गेल्याच महिन्यात चष्मेवालीला दिली." चष्मेवालीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिच्या नवऱ्याला नोकरी लागली आहे, तिला कार्डाची गरज उरली नाही. तिचा काय दोष? मी तिच्या चादरीचं दुसरं टोक धरलं आणि घडी घातली.

आई म्हणते तुझ्या मागे लागू नकोस. "त्याची नोकरी जाईल गं, पोराबाळांचा संसार आहे त्याचा." मी म्हटलं, बढती जाईल, नोकरी नाही. ती म्हणाली, "तेच ते." मी म्हटलं, आणि तुझे डोळे? तर म्हणे, "मला आता बघायचंय काय?" खोटं बोलते. रोज सकाळी खिडकीत बसून उजवा डोळा बारीक करून रस्ता बघत असते. रिक्षा थांबली की मान पुढे करते. कोणाची वाट बघते ते मी सांगायला नको.

अजून सहा दिवस आहेत. कुरिअरने पाठवलंस तरी चालेल.

ताई


११ मार्च

धाकट्या,

अभिनंदन. वाचलास.

कसा वाचलास ते सांगते, म्हणजे तुझ्या सल्लागाराला फी देताना विचार करशील. त्याच्यापेक्षा स्वस्तात काम झालं.

खोली छोटी होती. एक टेबल, पलीकडे एक अधिकारी बाई, अलीकडे आम्ही दोघी. बाई चांगल्या होत्या, आईला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. ठेव कोणाची, सह्या कशा घेतल्या, डावा डोळा कसा गेला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मुलाचा लेखी कागद नाही. पण आईंनी स्वतः इथे माझ्यासमोर जबाब दिला, की पैसे माझे नाहीत, मला त्यातलं काही माहीत नाही, तर मला मुलाला नोटीस पाठवता येते, आणि तोवर कार्ड चालू ठेवता येतं." अरे, मला वाटलं सुटलो! एवढंच तर हवं होतं. तुझा कागदसुद्धा नको होता.

बाई आईकडे वळल्या. "आजी, ते पैसे तुमचे की मुलाचे?"

आई म्हणाली, "माझे."

मी म्हटलं, आई! बाईंनी मला हाताने थांबवलं. परत विचारलं, सावकाश. "आजी, नीट आठवा. तुम्ही ठेवलेत की मुलाने तुमच्या नावावर ठेवले?"

"माझेच. मी रफूच्या कामात साठवले. मुलाचा काही संबंध नाही."

बावीस वर्षं रफू करून माणसाचा एक डोळा उरतो, ठेव उरत नाही. हे त्या बाईंनाही कळत होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. पण जबाब तो जबाब. त्यांनी लिहून घेतला, वाचून दाखवला, आईने सही केली. कार्ड कायमचं बंद.

उठताना ती डाव्या बाजूच्या खुर्चीला अडखळली. मी हात दिला नाही. अधिकारी बाई टेबलाला वळसा घालून आल्या आणि त्यांनी दिला. हे मी लिहून ठेवते, म्हणजे मीही काही देवमाणूस नाही हे तुला कळेल.

घरी येऊन मी तिला म्हटलं, त्याच्या बढतीसाठी तू डोळा दिलास. तुझ्या पोरीने तुझ्यासाठी काय काय सोडलं ते तुला कधी दिसलंच नाही, दोन्ही डोळे होते तेव्हाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मला तुम्हा दोघांचाही कंटाळा आला आहे. यापुढे पत्र येणार नाही.


१८ मार्च

धाकट्या,

येणार नाही म्हटलं होतं, पण हे पत्र माझं नाही. आई सांगते आहे, मी लिहिते आहे. मधे मधे माझं घुसेल, ते ओळखशीलच.

तीन-चार दिवस आम्ही बोललो नाही. मी ताट वाढायचे, ती जेवायची. सोमवारी माझी सुट्टी. मी कपडे वाळत घालत होते, तर ही चपला घालून दारात उभी. उलट्या पायांत. म्हणाली, "चल, बँकेत जायचंय."

म्हटलं, कशाला?

"माझे पैसे आहेत ना तिथे. बघायला नको?"

मी हातातला ओल्या कपड्याचा पिळा तसाच धरून उभी राहिले. पाणी माझ्या पायांवर गळत होतं. ती म्हणाली, "त्या दिवशी त्या बाईंसमोर त्याच्यासाठी बोलले. ते खोटं होतं. या वयात सरकारी कागदावर खोटं ठेवून मरायचं नाही मला. आता ते खरं करू."

बँकेत काउंटरवर एक तरणी पोरगी होती. आईने सुनावणीचा कागद पुढे सरकवला. त्यावर सरकारी शिक्का, ठेव आईचीच आहे म्हणून. माझ्या आणि अधिकारी बाईंच्या समोर तिने स्वतः दिलेला जबाब. पोरीने खातं उघडलं. व्याज दर तीन महिन्यांनी आईच्या खात्यात येत होतं आणि दुसऱ्याच दिवशी फोनवरून तुझ्या खात्यात जात होतं. आईने विचारलं, "कुठे जातं गं ते?" पोरीने नाव वाचलं. आई "बरं" म्हणाली. नुसतं बरं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

खात्याला लावलेला तुझा फोन नंबर काढून माझा लावायचा होता, आणि व्याज बाहेर जायचं थांबवायचं होतं. त्यासाठी आईची सही. दोन वर्षांपूर्वी तुझ्या फाइलवर केली होती अगदी तशीच. पहिली सही वाकडी गेली, ओळीच्या खाली उतरली. दुसरी तिच्यावरच चढली. पोरगी म्हणाली, "आजी, जुळत नाहीये हो. मला पुढे पाठवता येणार नाही." मला वाटलं, इथेही तूच जिंकलास.

आईने पेन खाली ठेवलं. बोटं चोळली. मला म्हणाली, "सही कुठे सुरू करायची तिथे कागदावर माझं बोट ठेव." मी ठेवलं. मग तिने चांगला डोळाही मिटून घेतला. म्हणाली, "बघायला गेले की चुकतं. दोरा हाताने ओवता येतो." आणि एका झटक्यात सही केली. पोरीने जुनी सही शेजारी धरली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शिक्का मारला.

ठेव आम्ही मोडलेली नाही. घाबरू नकोस, उधळायला निघालो नाही. मी मोडू या म्हणत होते, आईच नको म्हणाली. "मोडायची कशाला? माझ्या नावावर आहे, राहू दे माझ्या नावावर." मुदत संपेपर्यंत त्यावर कर्ज मिळतं म्हणे, त्यातून दर महिन्याला उजव्या डोळ्याची सुई होईल. मुदत संपली की ती पैसे दुसरीकडे ठेवणार आहे. कुठे ते मला सांगितलेलं नाही, आणि तुला तर नाहीच सांगणार. जो टॅक्स बसेल तो भरू. आमच्या खानदानातल्या बायकांत टॅक्स भरणारी आई पहिली. मास्तरीणबाईंना सांगून झालंय तिचं.

काल सुई दिली. डॉक्टरांनी कुठल्या डोळ्यात हे विचारलं नाही.

तुझे फोन येत आहेत. काल नऊ आले. दोन वर्षांत एक नाही आणि एका दिवसात नऊ. नंबर बदलल्याचा बँकेचा मेसेज तुला आलेला दिसतोय. वहिनीने मेसेज केला की हे पैसे मुलांच्या शिक्षणाचे आहेत. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मुलांनी काय केलंय? पण मग डाव्या डोळ्याने काय केलं होतं, तेही तिने कळवावं. सल्लागाराला विचारलंस तर तो सांगेल, पैसे तुझे आहेत हे सिद्ध करायचा एकच मार्ग आहे. तोच कागद. जो मी जानेवारीपासून मागत होते.

आता आईचं. तिने सांगितलं तसंच लिहिते, एक शब्द माझा नाही.

"राजा, ताईवर रागावू नकोस, हे माझं डोकं आहे. तुला पैसे हवे असतील तर मी नाही म्हणणार नाही. मी तुला कधी नाही म्हटलंय? पण फोनवर नको आणि कागदावर नको. येऊन माग. माझ्या शेजारी बसून माग. आणि येशील तेव्हा माझ्या उजव्या हाताला बस. डावीकडे बसलास तर मला तू दिसणार नाहीस."